घरच्यांच्या हाती दोरी देणारी सुपरहिरो: 24 पानी मराठी कॉमिक कसं बांधायचं

सुपरहिरोचं कॉमिक लिहायला घेतलं की बहुतेकांचा वेळ पोशाख आणि शक्ती ठरवण्यात जातो. घरची माणसं शेवटच्या दोन पानांत मिठी मारायला उरतात. मग 'ती घरच्यांवर विश्वास ठेवायला शिकली' हे निवेदकाला चौकटीत लिहून सांगावं लागतं, कारण चित्रांत तसं काही घडलेलंच नसतं.

त्यामुळे क्रम उलटा ठेवा. घरच्यांपैकी कोणाला असं काय येतं जे नायिकेला येत नाही, हे आधी लिहून काढा. मग असा प्राणी शोधा, जो फक्त त्याच ज्ञानाने हरेल. नायिकेची शक्ती सगळ्यात शेवटी ठरवा, आणि ती अशी ठरवा की या प्राण्यापुढे ती निम्मी अडचणच होईल.

खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून छपाईपर्यंत नेलं आहे. गोष्ट भिगवणची, उजनीच्या बॅकवॉटरची. नायिका रेवती इंदापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवते आणि तिच्या हातांतून वीज निघते. आई भिगवणच्या बाजारात मासे विकते आणि तरुणपणापासून होडीवर आहे. धाकटा भाऊ सागर तालुक्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे.

प्राणी कसा निवडायचा

'कारखान्याचं पाणी तळ्यात गेलं आणि मासा राक्षस झाला' ही सुरुवात टाळा. ती घासून गुळगुळीत झालीच आहे, शिवाय चुकीचीही आहे. 2017 साली तळोज्याला कुत्री निळी दिसू लागली, तेव्हा कारखान्यातला रंग त्यांच्या केसांवर बसला होता. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, ते पाणी आटून क्षार वाढल्यामुळे आणि त्यात खारट पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावल्यामुळे. दोन्हींत उत्परिवर्तन नव्हतं. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएमधला बदल. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं अख्खं शरीर त्याने रातोरात बदलत नाही. बदल अंड्यात किंवा शुक्राणूत झाला, तरच पुढच्या पिल्लाच्या सगळ्या पेशींत उतरतो. म्हणून कथेत पिढ्या जाऊ द्या. चोरून चालवलेलं शेततळं, त्यात काही वर्षं वाढत गेलेली पैदास आणि एका पावसाळ्यात फुटलेला बांध, एवढं पुरतं. एका पानात तीन चौकटींत उरकतं.

आपल्या कामाचा मासा म्हणजे आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात. भारतात त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. कथेला खलनायक इथेच मिळतो. वेडा शास्त्रज्ञ आणायची गरज नाही. या माशाचे खरे गुणधर्म एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर 'यामुळे कथेत काय होईल' ते लिहा:

- कल्ल्यांच्या वर झाडासारखं फांद्या फुटलेलं एक इंद्रिय असतं, त्याने तो हवेतून श्वास घेतो. म्हणजे पाण्याबाहेर ओढला तरी लगेच मरत नाही.
- पाण्यात ऑक्सिजन कमी असेल तर त्याला हवा घ्यायला वर यावंच लागतं. वर येऊच दिलं नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. आईला माहीत असलेली गोष्ट हीच.
- छातीजवळच्या परांना कडक काटा असतो, तो ताठ करून अडकवून ठेवता येतो. साधं जाळं त्याला गुंततं आणि फाटतं. काट्यांवर रेटा देत तो ओल्या जमिनीवर सरपटतोही.
- डोक्यावर विजेचे क्षीण प्रवाह ओळखणारी इंद्रियं असतात. रेवतीचा हात पाण्यात चमकला की तो तिच्याकडेच येणार. ही जाणीव फक्त पाण्यात चालते, कोरड्यावर नाही.
- अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आहेत. चित्रकाराचे तास वाचतात.

गुणधर्म खरे ठेवा, फक्त आकार वाढवा. आकार वाढवताना गणित सोडू नका: लांबी चौपट झाली तर वजन चौसष्टपट होतं. एक मीटरचा मांगूर 8 किलोचा धरला तर चार मीटरचा पाचशे किलोच्या पुढे जातो. एवढं धूड माणूस एका हाताने फेकत नाही, आणि लाकडी होडीवर आदळलं तर होडी शाबूत राहत नाही. पान 6 वर मासा ट्रकएवढा आणि पान 19 वर म्हशीएवढा, ही नवख्या कॉमिकमधली सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. मासा, होडी आणि रेवती एकाच मापात शेजारी काढलेला एक कागद भिंतीवर लावून ठेवा.

अविश्वासाला ठोस कारण द्या

'घरच्यांना धोका नको म्हणून सांगितलं नाही' हे कारण पोकळ आहे. वाचकाला ते त्याग वाटतो, आणि नायिका चुकतच नाही. तिला एकदा पोळलेलं हवं. इथे असं धरा: दोन वर्षांपूर्वी तिने शेततळ्याची गोष्ट काकांना सांगितली. काका चहाच्या टपरीवर बोलून गेले, कपट काही नव्हतं, बोलघेवडेपणा तेवढा. आठवड्यात आईची होडी कोणीतरी जाळली. तेव्हापासून रेवती गप्प आहे. आता तिचं गप्प राहणं रास्त आहे आणि महागही आहे, आणि कथेला याच दोन गोष्टी लागतात.

घरच्यांनाही रागाचा हक्क द्या. तिने खरं सांगितल्यावर सगळ्यांनी लगेच डोळे पुसत जवळ घेऊ नये. निदान एकाने नकार द्यावा, निदान एक पानभर. आमच्या मते तो नकार आईचा असावा, कारण होडी तिची जळली होती आणि कोणी जाळली ते तिला आजच कळतंय.

विश्वासाच्या तीन पायऱ्या ठेवा, तीनही कृतीत. पहिलीत ती माहिती देते. दुसरीत वस्तू देते: दुकानातले सगळे रबरी हातमोजे होडीवाल्यांना वाटते, म्हणजे आपल्या विजेपासून वाचायचं साधन त्यांच्या हाती देते. तिसरीत जीव देते. संवादांच्या फुग्यांत 'विश्वास' हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. तो लिहावासा वाटला की समजा, त्या पानावर कृती कमी पडली आहे.

रक्ताचं उपकथानक, आणि त्यात काय चुकतं

मधल्या भागात रेवती जखमी होते आणि तिला रक्त लागतं. हा प्रसंग शेकडो ठिकाणी आहे. आपल्या कथेत तो शोभतो, कारण उत्परिवर्तनाचं एक खरं आणि मुंबईचंच उदाहरण त्यात बसतं. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट नोंदवला, त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. एच नावाचा प्रतिजन (रक्तपेशीवरची ओळखखूण) तयार करणाऱ्या जनुकातच बदल झालेला असतो. त्यामुळे ए नाही, बी नाही, आणि 'ओ'मध्ये असतो तो एचही नाही. नेहमीच्या तपासणीत गट 'ओ' दिसतो, पण 'ओ'ची पिशवी जुळवून पाहिली की प्रत्येक वेळी गुठळ्या दिसतात. अशा माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं, आणि भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक मानला जातो. सख्ख्या भावंडात मात्र शक्यता चारात एक.

म्हणजे राक्षसी माशाशी लढणाऱ्या मुलीच्या शरीरातही एक उत्परिवर्तन आहे, आणि ते फक्त भावाला ठाऊक आहे. कॉलेजच्या रक्तदान शिबिरानंतर सागरला स्वतःचा गट कळला होता. तेव्हापासून तो ताईच्या मागे लागलाय की एकदा तपासून घे. ती टाळतेय, कारण सुई टोचली की हातातून ठिणगी उडेल. हे पान 5 वर, जेवणाच्या ताटावरच्या कुरबुरीत, हलकेच पेरा. नायिकेला अडचणीत टाकणारा योगायोग वाचक चालवून घेतो. तिला वाचवणारा योगायोग आधी पेरलेला नसेल तर पुस्तक मिटतो.

इथे टाळायच्या चुका:

भावाच्या हातातून बहिणीच्या हातात थेट नळी दाखवू नका. रक्त पिशवीत घेतात, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्या होतात, जुळवणी होते, मग चढवतात. एका वेळी 350 मिली, वजन 55 किलोंच्या पुढे असेल तर 450. देणाऱ्याचं वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 हवं. रक्त देऊन त्याच संध्याकाळी सागर वल्हं मारताना दिसला तर लॅबमध्ये काम करणारा वाचक हसेल. म्हणून मध्ये 'आठ दिवसांनी' अशी निवेदनाची पट्टी टाका आणि शेवटच्या लढाईत त्याला वल्ह्यावर न बसवता दोरीवर ठेवा.

24 पानांची वाटणी

पान 1 उजवीकडे येतं, म्हणजे सम पानं डावीकडे. धक्का नेहमी सम पानावर, पान उलटल्यावर दिसेल असा ठेवा. उजव्या पानावर ठेवलात तर डावं वाचतानाच नजर तिकडे जाते आणि धक्का फुकट जातो.

1 ते 3: मे महिना, पाणी ओसरलेलं, पळसदेवचं एरवी बुडालेलं देऊळ उघडं पडलंय. फ्लेमिंगोंचा थवा अचानक उठतो. हीच पुढे माशाच्या येण्याची खूण ठेवा.
4: फाटलेलं जाळं आणि एक काटा, हातभर लांब. मासा अजून दाखवू नका.
5: जेवण, सागरची कुरबूर.
6 ते 9: पहिली गाठ. पान 6 वर मासा पूर्ण दिसतो. रेवती पाण्यात वीज सोडते, तो पळण्याऐवजी जवळ येतो. का ते तिला कळत नाही, वाचकालाही सांगू नका.
10, 11: काका, टपरी, जळालेली होडी. मागचा काळ दाखवायला चौकटींच्या कडा बदलू नका, फक्त रंग दोनच ठेवा.
12 ते 14: रेवती एकटीच माशाला दोरखंडाने चिखलात ओढते. मासा हवेत मरतो ही तिची समजूत. तो श्वास घेतो, वळतो आणि काटा तिच्या मांडीत घुसवतो. पान 14 डावं आहे, धक्का तिथेच.
15 ते 17: दवाखाना, न जुळणाऱ्या पिशव्या, सागर. ती खरं सांगते. आई उठून निघून जाते.
18, 19: आई परत येते ती उपाय घेऊन. 'त्याला वर येऊ द्यायचं नाही.' हातमोजे वाटणं इथेच.
20 ते 23: बारा होड्या.
24: हे पान लढाईसाठी वापरू नका, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी ठेवा.

ए-5 पानावर चौकटी चार-पाच, त्याहून जास्त नकोत. एका फुग्यात 20-25 शब्द ही वरची मर्यादा; लढाईच्या पानांवर अख्ख्या पानाचे शब्द मिळून 30 च्या आत.

शेवटच्या लढाईची यंत्रणा स्वतःला नीट समजलेली असू द्या, नाहीतर चित्रकार अडतो. बारा होड्यांच्या कड्यात जाड दोरीचं जाळं, पाण्याच्या पृष्ठभागाखाली हातभर, छतासारखं आडवं ताणलेलं. मधोमध एक भोक, त्याला नाडी. मासा तळाशी असताना रेवती भोकातून खाली उतरते, हात चमकवते, मासा तिच्याकडे वळतो. कमरेच्या दोरीने सागर तिला भोकातून वर ओढतो आणि आई नाडी आवळते. आईने एक क्षण आधी आवळली तर मुलगी छताखाली अडकते, एक क्षण उशिरा आवळली तर मासा सुटतो. खालून रेवतीला यातलं काहीच दिसत नाही. तिसरी पायरी ती हीच.

वीज आणि पाणी एकत्र आल्यावर वाचक लगेच विचारेल की होडीवाल्यांना झटका कसा बसत नाही. नायलॉन स्वतः वीज नेत नाही, ओलं जाळं आणि ओली दोरी मात्र नेते. हातमोजे त्यासाठीच, आणि ते पान 18-19 वर वाटलेले आहेत.

स्क्रिप्ट चित्रकाराच्या हाती या स्वरूपात द्या:

*पान 20 (डावं), चौकटी 4*

*चौकट 1: वरून. रात्र. होड्यांचं कडं, मधे काळं पाणी.*
आई: दोरी कुणी सोडायची न्हाई. मी म्हणंस्तवर.

*चौकट 2: रेवती होडीच्या काठावर, पाय पाण्यात. सागर तिच्या कमरेची दोरी हाताला गुंडाळतोय, हातात काळे मोजे.*
सागर: दोनदा ओढ, ताई. लगेच वर घेतो.
रेवती: आन् एकदाच ओढली तर?

*चौकट 3: सागरचा हात अगदी जवळून. मोज्यावर दोरीचे दोन वेढे. कोपराच्या खाचेत सुईची पिवळी पडत आलेली खूण.*
सागर: तर मीबी येतो खाली.

*चौकट 4: रिकामा काठ. पाण्यावर वर्तुळं. फुगा नाही.*

चौकट 3 मधली खूण शब्दांत सांगू नका. ज्याला दिसेल त्याला दिसेल. बोली इतपतच ठेवा. प्रत्येक शब्द ग्रामीण केला की इंदापूरच्याच वाचकाला ती टिंगल वाटते.

अक्षरं

मराठी कॉमिक सगळ्यात जास्त इथे फसतं. फुग्यांसाठी 'कलम' किंवा 'बालू 2', आवाजांसाठी 'मोडक' हे फाँट मोफत आहेत आणि युनिकोडमध्ये आहेत. फाँट ठरवण्याआधी त्यात 'दुसऱ्या, वाऱ्यावर, किर्र, ट्रॅक्टर, हृदय, क्लृप्ती, ऑक्सिजन' हे शब्द टाइप करून पाहा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढला, किंवा 'क्लृप्ती' फुटली, तर तो फाँट बाद.

फोटोशॉपमध्ये 'कि'मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत असेल तर प्रेफरन्समधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. जुन्या आवृत्तीत त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर. इंकस्केपमध्ये देवनागरी काही न करता नीट येते, म्हणून चित्र कुठेही काढा, अक्षरं तिथे टाका, हा मोफत आणि बिनडोकेदुखीचा मार्ग.

ए-5 साठी अक्षर 9 पॉइंट, ओळींमधलं अंतर त्याच्या सव्वा ते दीडपट. इंग्रजी कॉमिकचं अंतर जसंच्या तसं उचललं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा. अक्षरं लांबवली की शिरोरेषा तुटते. जोर द्यायचा तर ठळक करा, तिरकं करू नका. फुगे आडवे आणि रुंद काढा, कारण 'सांगितल्याशिवाय' हा एकच शब्द उभ्या फुग्याची वाट लावतो. फुग्यात शब्द तोडून ओळीशेवटी जोडरेघ देऊ नये, वाक्यच बदलावं.

आवाज मात्र हाताने काढा. डुबुक, खळ्ळकन, चर्र, सळसळ, धाडकन: आपल्याकडे साठा मोठा आहे. शिरोरेषा शेपटीच्या फटकाऱ्यासारखी वळवता येते, हा फायदा रोमन अक्षरांना नाही. पान 22 वर नाडी आवळल्याचा 'सर्रर्र' अख्ख्या पानभर एकाच रेषेत नेता येईल.

छपाई

मधोमध पिन मारून बांधायचं तर पानसंख्या चारच्या पटीत हवी. आतली 24 आणि मुखपृष्ठाची 4 बसतात. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी चित्राची जादा पट्टी), आणि कापल्या जाणाऱ्या कडेपासून 8-10 मिमी आत एकही फुगा नको. मूळ चित्र ए-4 वर काढून ए-5 ला आणा. स्कॅन रेषांसाठी 600 डीपीआय, रंगासाठी 300, आणि फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत). अक्षरांचा काळा फक्त के 100, म्हणजे निव्वळ काळी शाई, ठेवा. चारही शाया मिसळलेला काळा जरा सरकला की बारीक मात्रांना रंगीत कडा येतात. रात्रीच्या पाण्याला मात्र मिसळलेला काळा हवा, नाहीतर तो राखाडी दिसतो. आतला कागद 100 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), मुखपृष्ठ 250. शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेटचा दर विचारा.

मोबाइलवरच्या उभ्या आवृत्तीसाठी पानं कापून लावू नका. चौकटी 800 पिक्सेल रुंदीत एकाखाली एक नव्याने मांडा आणि धक्क्याआधी पूर्ण स्क्रीनभर रिकामी जागा सोडा. पान उलटण्याचं काम ती करते.

प्रेसला पीडीएफ द्यायच्या आधी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये (अक्षरांच्या आकृत्यांत) बदला आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. प्रेसमध्ये कोणी 'आमच्या फाँटमध्ये परत टाइप करतो' म्हणालं तर नको म्हणा. श्री, ज्ञ आणि ऱ्या तिथेच बिघडतात. कागदावरचा प्रूफ मागा आणि तो अशा माणसाला वाचायला द्या ज्याने स्क्रिप्ट पाहिलेली नाही. पान 14 वर त्याने 'मासा बाहेर आला तरी मेला का नाही?' असं विचारलं तर ठीक. पान 22 वरही तोच प्रश्न आला तर पान 18 वरचा आईचा संवाद पुन्हा लिहायला घ्या.